कुरडया लाल पडतायत, काय चुकतंय?

साताऱ्यात आम्ही बचत गटाच्या सहाजणींनी यंदा कुरडयांच्या ऑर्डरी घेतल्यात. गहू ३ दिवस भिजवला, चीक काढला, तरी तळल्यावर लालसर होतात. गिऱ्हाईक नाक मुरडतंय.

उत्तर: भिजवणीचं पाणी रोज बदललंत का? आणि चीक रात्रभर ठेवून सकाळी वरचं पिवळट पाणी पूर्ण ओतून द्यायचं. ते राहिलं की रंग गेलाच.

उत्तर: चीक चकाकेपर्यंत शिजवा, गरमागरमच सोऱ्यात भरा. आमच्याकडे निम्मा चीक दूध-गूळ घालून पोरंच संपवतात, ते वेगळं!

मूळ विचारणारी: रोज बदललं हो. वरचं पाणी मात्र नीट निथळलं नाही. सासूबाई सांगत होत्या, मीच ऐकलं नाही. आज पुन्हा ५ किलो भिजवलाय. गच्चीवर कावळे राखायला शेजारची पोरं तयार आहेत, मजुरी वाटीभर चीक.