डिप्लॉय केलं की फोटो गायब! जावा वेब ॲपमध्ये अपलोड केलेले फोटो ठेवायचे कुठे, दाखवायचे कसे?

अर्धविराम:
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. जरा लांबण आहे, सांभाळून घ्या.

सभासद नोंदणीचं एक ॲप माझ्या गळ्यात आलंय. साधं जेएसपी-सर्व्हलेट (पान बनवणारा आणि रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा कोड), सर्व्हर टॉमकॅट ९, मागे मायएसक्यूएल डेटाबेस. सर्व्हरचं मशीन लिनक्सचं, माझं विंडोजचं. सभासदाने फोटो अपलोड करायचा आणि तो त्याच्या माहितीच्या पानावर दिसायला हवा, एवढंच काम.

फोटो मी ॲपच्याच आतल्या एका फोल्डरमध्ये लिहीत होते. पाथ गेटरिअलपाथ या मेथडने काढायचा, फाइलचं नाव डेटाबेसमध्ये टाकायचं. आठ-दहा दिवस सगळं सुरळीत. मग एका फॉर्मवरचं लेबल बदललं, नवी वॉर फाइल (अख्खं ॲप बांधलेली एकच फाइल) सर्व्हरवर चढवली आणि सगळ्या सभासदांचे चेहरे गेले. बॅकअप आठवड्यातून एकदा, त्यामुळे ४० जणांकडे फोटो परत मागावे लागले. त्यातल्या एका काकांनी "का हो, मागचा बरा नव्हता का आला?" असं विचारलं, तिथे मी फोन ठेवला.

म्हणून फोटो ॲपच्या बाहेर काढले आणि आयएमजी टॅगच्या एसआरसीमध्ये सी ड्राइव्हपासूनचा अख्खा पाथ दिला. आता माझ्याच मशीनवर काही दिसत नाही. फाइल जागेवर आहे, डबल-क्लिक केली की उघडते. पानावर मात्र तुटक्या चित्राची खूण.

एक सहकारी म्हणतो ब्लॉब (कच्चे बाइट ठेवणारा कॉलम) करून डेटाबेसमध्ये टाक, दुसरा म्हणतो बेस-६४ करून (बाइट्सचा मजकूर बनवून) पानातच ओत. आज ६०० सभासद आहेत, पुढे ५,००० होतील. फोटो २०० केबीपासून ३ एमबीपर्यंत. स्प्रिंग फ्रेमवर्क आणायची मुभा नाही. तुम्ही काय कराल?

रात्रपाळी:
वाचतोय. आम्ही दर डिप्लॉयच्या आधी फोटोंचा फोल्डर उचलून बाजूला ठेवतो आणि नंतर परत आणून ठेवतो. चार वर्षं झाली. हसू नका.

कंपाइलर_काका:
रात्रपाळी, हसत नाही. पण हे काम करणारा माणूस ज्या दिवशी रजेवर असेल त्या दिवशी रडाल.

अर्धविराम, एसआरसीमध्ये लिहिलेलं वाचतो तो ब्राउझर, तुमचा जावा कोड नव्हे. जेएसपीतून एचटीएमएल तयार होऊन गेलं की सर्व्हरच्या लेखी ती रिक्वेस्ट संपली. ब्राउझर ते एचटीएमएल वाचतो आणि आयएमजी टॅग दिसला की त्या फोटोसाठी वेगळी जीईटी रिक्वेस्ट पाठवतो. पानावर २० वेगवेगळे फोटो असतील तर पानाची एक आणि फोटोंच्या २०. तेव्हा एसआरसीमध्ये यूआरएल हवा. सी ड्राइव्हचा पाथ दिलात तर ब्राउझर तो पान बघणाऱ्याच्या मशीनवरचा समजणार, आणि एचटीटीपीवरून आलेल्या पानाला स्थानिक डिस्कवरची फाइल उघडू द्यायची नाही हा तर ब्राउझरचा नियमच आहे. म्हणून फाइल तुमच्याच मशीनवर असूनही दिसली नाही.

आता फोटो पुसले का गेले? टॉमकॅट वॉर फाइल उलगडून त्याचा फोल्डर करतो. नवी वॉर आली की जुना फोल्डर उडवतो. त्यात तुम्ही मागाहून काय ठेवलं होतंत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गेटरिअलपाथ नेमका त्याच फोल्डरचा पत्ता देतो. इक्लिप्समधून चालवता ना? मग तो पाथ एकदा कन्सोलवर छापून बघा. वर्कस्पेसच्या मेटाडेटात खोल कुठेतरी डब्ल्यूटीपी-वेबॲप्स नावाच्या फोल्डरमध्ये फोटो सापडतील. आणि वॉर न उलगडता चालवायचं सेटिंग असेल तर गेटरिअलपाथ सरळ नल देतो. फोटो लिहिण्यापुरती ही मेथड विसरून जा.

मी असं करेन: फोटो ॲपच्या बाहेर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरचा पाथ कोडमध्ये न कोंबता सिस्टिम प्रॉपर्टीतून घ्यायचा, म्हणजे विंडोजवर वेगळा, लिनक्सवर वेगळा देता येतो. मग एक छोटं सर्व्हलेट. मॅपिंग 'फोटो' या पत्त्याखालच्या सगळ्यासाठी. त्याच्या डूगेटमध्ये (जीईटी रिक्वेस्ट जिथे येते ती मेथड) गेटपाथइन्फोने पत्त्याचा शेवटचा तुकडा घ्यायचा. गेटपाथइन्फो डीकोड होऊन येतो, गेटरिक्वेस्टयूआरआय तसाच कच्चा येतो, म्हणून पहिलाच घ्या. फाइल नसेल तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. असेल तर कंटेंट टाइप आणि कंटेंट लेंग्थ लावून फाइल्स क्लासच्या कॉपी मेथडने ती थेट रिस्पॉन्सच्या आउटपुट स्ट्रीममध्ये सोडायची. अख्खी फाइल आधी बाइट ॲरेमध्ये उचलायची गरज नाही. वीस ओळींत आटोपतं.

हे काम जेएसपीत करायचा मोह होईल, करू नका. डायरेक्टिव्हच्या ओळीनंतर दाबलेलं रिकामं एंटरसुद्धा रिस्पॉन्समध्ये जातं आणि फोटोच्या बाइट्समध्ये मिसळतं. वर लॉगमध्ये "गेटआउटपुटस्ट्रीम आधीच बोलावलं आहे" अशी इलिगल-स्टेट एक्सेप्शन. या एका एंटरपायी माझे दोन दिवस गेलेत.

सर्व्हरवाली:
फोटो कोणीही पाहिले तरी चालणार असतील तर सर्व्हलेटही नको. टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरात कॅटलिना, त्यात लोकलहोस्ट, तिथे 'फोटो' नावाची एक्सएमएल फाइल ठेवायची. आत एकच कंटेक्स्ट टॅग, डॉकबेसला बाहेरच्या फोल्डरचा पाथ. ईटॅग, लास्ट-मॉडिफाइड, ३०४ ('फाइल बदललेली नाही') हे कॅशचं सगळं टॉमकॅटचं डिफॉल्ट सर्व्हलेट सांभाळतं.

मात्र टॉमकॅटच्या लेखी तो वेगळा ॲप असतो. तुमच्या ॲपचं सेशन तिथे चालत नाही आणि तुमचे फिल्टरही (रिक्वेस्ट आधी तपासणारा कोड) लागत नाहीत. लॉग-इन केलेल्यांनाच फोटो दाखवायचे असतील तर काकांचं सर्व्हलेटच घ्या.

टेबलपती:
ब्लॉबवाल्या सहकाऱ्याची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून मी घेतो. नोंद आणि फोटो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, बॅकअप एकच, सभासद काढला की त्याचा फोटोही जातो. तुमच्या त्या फोल्डरात वर्षभराने बेवारस फाइली किती साठतात ते बघाच.

फक्त एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. मायएसक्यूएलच्या नुसत्या ब्लॉबमध्ये ६५,५३५ बाइट मावतात. सर्व्हर जुना, स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारं सेटिंग) बंद. फोटो सेव्ह व्हायचा, एरर काही नाही, आणि पानावर कपाळ नि डोळे दिसायचे, नाकापासून खाली सगळं राखाडी. लहान फोटो मात्र ठणठणीत. त्यामुळे मी आठवडाभर अपलोडच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो, कॉलमकडे बघायचं सुचलंच नाही. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, निदान एरर तरी येते. मीडियमब्लॉब घ्या, १६ एमबीपर्यंत जातो. आणि मॅक्स-अलाउड-पॅकेट (एका वेळी किती डेटा पाठवता येतो ती मर्यादा) किती आहे ते तपासा.

कंपाइलर_काका:
मुद्दा बिनतोड, पण ५,००० गुणिले ३ एमबी म्हणजे १५ जीबी होतात. रोजचा डंप तेवढा घ्यायची तयारी हवी. शिवाय कोणीतरी सभासदांच्या यादीसाठी सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम आण) लिहितो आणि नावं दाखवायला सगळे ब्लॉब ओढून आणतो. ब्लॉब ठेवलेच तर वेगळ्या टेबलात ठेवा.

आणि डेटाबेसमध्ये ठेवलं म्हणून सर्व्हलेट टळत नाही. ब्राउझरला यूआरएल द्यावाच लागणार, फक्त फाइलऐवजी रिझल्टसेटचा बायनरी स्ट्रीम वाचायचा.

झब्बू:
बेस-६४ वर माझे दोन पैसे. तीन बाइटचे चार होतात, म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबी होऊन पानाच्या पोटात बसतो. पान उघडलं की दर वेळी तेवढं ओझं, कारण ब्राउझर तो फोटो वेगळा कॅश करू शकत नाही. लहानसा क्यूआर कोड वगैरे असेल तर ठीक. यादीच्या पानावर विसरा.

नवशिक्या_२:
मी काका म्हणतात तसंच सर्व्हलेट लिहिलं, ॲनोटेशनने मॅपिंग दिलं, तरी ४०४. फाइल जागेवर आहे.

सर्व्हरवाली:
टॉमकॅट १० आहे का? तिथे पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालंय. कुठूनतरी उचललेल्या जुन्या कोडमध्ये जावाएक्स-सर्व्हलेट इम्पोर्ट असेल तर टॉमकॅट १० ते ॲनोटेशन ओळखतच नाही.

नवशिक्या_२:
हो, तेच होतं. धन्यवाद!

संशयात्मा:
नावाला जागतो. काकांच्या वीस ओळींत एक भोक राहिलंय. पत्त्यातला तुकडा घेऊन फोल्डरला जोडलात आणि कोणी त्यात 'टिंब टिंब स्लॅश' दोन-चार वेळा घातलं, तर फोटोंच्या फोल्डरबाहेरची फाइल मागता येते. टॉमकॅट असे काही पत्ते अडवतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पाथ जोडल्यावर नॉर्मलाइझ करा (ती टिंबं सोडवून सरळ पाथ करा) आणि तो अजूनही फोटोंच्या फोल्डरनेच सुरू होतो का हे पाथ क्लासच्याच स्टार्ट्सविथने पाहा. स्ट्रिंगच्या स्टार्ट्सविथने नको. 'फोटो' आणि 'फोटोजुने' हे शेजारी फोल्डर असले तर ती फसते.

अपलोडच्या वेळी आलेलं नाव डिस्कवर वापरूच नका. यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब क्रमांक) बनवा, मूळ नाव हवं तर डेटाबेसमध्ये ठेवा. त्याने आणखी दोन दुखणी जातात: एकाच नावाचे दोन फोटो एकमेकांवर बसत नाहीत, आणि एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत की लहान अक्षरांत जेपीजी हा घोळ राहत नाही, जो विंडोजवर दिसत नाही आणि लिनक्सवर गेल्यावर चावतो.

एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका. जावाच्या इमेजआयओने फोटो वाचून बघा. वाचणारं कोणी सापडलं नाही तर तो नल देतो, मग परत पाठवा. त्याआधी इमेजरीडरने नुसती लांबी-रुंदी विचारा. १०,००० गुणिले १०,००० पिक्सेलची फाइल डिस्कवर छोटी असू शकते, उघडली की चार बाइट पिक्सेलने ४०० एमबी मेमरी खाते. एसव्हीजी घेऊच नका, त्यात स्क्रिप्ट बसते. आणि नोस्निफ हेडर लावा, म्हणजे ब्राउझर फाइलचा प्रकार स्वतः ताडत बसणार नाही.

अर्धविराम:
दंडवत मंडळी! तीन दिवस गायब होते कारण हेच करत होते. फोल्डर अधिक सर्व्हलेट असं ठरवलं. ब्लॉब मनात होता, पण इथले बॅकअप मीच घेते, त्यामुळे १५ जीबीचा आकडा वाचून घाम फुटला.

माझ्या मशीनवर सगळं चाललं. सर्व्हरवर दोन गोष्टी अडल्यात. एक, लॉग-इन केल्यावर फोटो दिसतात, पण कार्यकारिणीचं पान बाहेरच्यांसाठी उघडं आहे, तिथे तुटकी खूण. आणि अपलोड करताना 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' अशी एरर. फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) दिलं, मालक टॉमकॅट केला, तरी तेच. डिस्क तर रीड-ओन्ली नाही, दुसऱ्या युजरने लिहिता येतं. उबुंटू आहे, टॉमकॅट पॅकेजमधून बसवलेला.

कंपाइलर_काका:
पहिल्यासाठी डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क टॅब उघडा आणि त्या फोटोच्या रिक्वेस्टवर क्लिक करा. पैज लावतो, कंटेंट टाइप टेक्स्ट-एचटीएमएल दिसेल. तुमचा लॉग-इन फिल्टर सगळ्या पत्त्यांवर बसलाय आणि आयएमजी टॅगला लॉग-इनचं पान वाढतोय.

सर्व्हरवाली:
दुसरं माझ्याकडे. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमधला टॉमकॅट ९ ला सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) कुंपणात ठेवतो. सर्व्हिसच्या फाइलमध्ये प्रोटेक्ट-सिस्टिम स्ट्रिक्ट आहे. ज्या फोल्डरांची नावं रीड-राइट-पाथ्समध्ये आहेत, डिस्कवर तेवढंच त्याला लिहिता येतं, मग परवानग्या काहीही असोत. पॅकेजच्या फाइलला हात लावू नका, सिस्टिमसीटीएल एडिट करून ओव्हरराइडमध्ये तुमचा फोल्डर जोडा, डीमन-रीलोड करा आणि टॉमकॅट पुन्हा सुरू करा. आणि ते ७७७ आत्ताच्या आत्ता काढा.

अर्धविराम:
दोन्ही बरोबर! काका, पैज जिंकलात. कार्यकारिणीच्या फोटोंना फिल्टरमधून वेगळी वाट दिली.

आता वेगाचं विचारते. यादीच्या पानावर ५० चेहरे, पान उघडायला जीव जातो.

कंपाइलर_काका:
५० मूळ फोटो म्हणजे १५० एमबीपर्यंत जाणार. अपलोडच्या वेळीच एक लहान प्रत करून ठेवा, यादीत ती दाखवा. आणि सर्व्हलेटमध्ये गेटलास्टमॉडिफाइड ओव्हरराइड करून फाइलची वेळ द्या. एवढ्याने फाइल बदललेली नसेल तर एचटीटीपी-सर्व्हलेट स्वतःच ३०४ पाठवतं, डूगेटपर्यंत येतच नाही. कॅश-कंट्रोलला प्रायव्हेट आणि मॅक्स-एजही लावा. फोटो बदलला की यूयूआयडी नवा द्या, म्हणजे "फोटो बदलला तरी जुनाच दिसतो" हे फोन येणार नाहीत.

टेबलपती:
आणि जुनी फाइल डिस्कवरून काढायला विसरा, म्हणजे माझा बेवारस फाइलींचा मुद्दा सिद्ध होईल.

अर्धविराम:
टेबलपती, काढते आहे हो. आधी नवी लिहायची, मग नोंद बदलायची, कमिट झाल्यावरच जुनी पुसायची. बरोबर ना?

लहान प्रती झाल्या, पान झटकन उघडतं. पण मोबाइलवर उभे काढलेले बरेच फोटो लहान प्रतीत आडवे पडलेत. मूळ फोटो सरळ दिसतो.

कंपाइलर_काका:
क्रम बरोबर आहे. आडवे पडले कारण मोबाइल बहुधा पिक्सेल फिरवत नाही, 'हा फोटो असा फिरवून दाखवा' एवढं एक्झिफमध्ये (फाइलमध्येच असलेली फोटोची माहिती) लिहून ठेवतो. ब्राउझर ते वाचतो, म्हणून मूळ फोटो सरळ दिसतो. इमेजआयओ ते बघत नाही आणि नवी प्रत लिहिताना ती नोंदही राहत नाही. ओरिएंटेशनचा आकडा आधी वाचा, १ ते ८ असतो, त्याप्रमाणे फिरवा, मग लहान करा.

अर्धविराम:
६ आकडा निघाला, फिरवून बसवला, उभा राहिला. ज्यांनी "मागचा बरा नव्हता का" विचारलं होतं त्याच काकांचा फोटो होता. त्यांचा फोन यायच्या आत बाकीच्यांच्या प्रती पुन्हा करायला बसते.

रात्रपाळी:
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या फोल्डर-उचल्याला हा धागा पाठवला. तो म्हणतो, "मग शुक्रवारी संध्याकाळी मी काय करू?"