मदत हवी आहे: उतरता रॅम्प, ऋण चढ आणि असमानतेचं चिन्ह

लेक दहावीला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. 'रेषेचा चढ' शिकवून झालाय, सूत्र पाठ आहे. आमच्या सोसायटीत व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधायचं चाललंय, म्हणून तिला तेच गणित घातलं. उंची आणि आडवी लांबी यांचं गुणोत्तर १:१२ च्या वर जायला नको. तीन पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंमी, म्हणजे उंची ४५. लांबी 'ल' धरून तिनं मांडलं:

४५/ल ≤ १/१२
५४० ≤ ल

म्हणजे निदान ५ मीटर ४० सेंमी. इथवर ठीक. पण दारापुढे मोकळी जागा आहे २७० सेंमी. मग तिनं आलेख काढला, दार डावीकडे. बिंदू (०, ४५) आणि (२७०, ०). चढ = (० − ४५)/(२७० − ०) = −१/६. आणि म्हणते, "बाबा, −१/६ हे १/१२ पेक्षा लहानच आहे ना? मग चालेल की रॅम्प!"

मी म्हटलं, दोन्ही बाजूंना −१ ने गुण, चिन्ह फिरव. आलं १/६ ≥ −१/१२. तेही खरंच! दुप्पट उभा रॅम्प पास कसा होतोय? क्लासमध्ये 'ऋण चढ म्हणजे उतरण' एवढ्यावरच बोळवण झाली. तिला पटेल असं कुणी सांगेल का?

प्रतिसाद १:
मुलीची आकडेमोड चोख आहे, अट अर्धवट आहे. तिला आलेख उलटा काढायला सांगा, दार उजवीकडे. चढ +१/६ येईल आणि रॅम्प नापास होईल. रॅम्प तोच, निकाल दोन, तेव्हा घोळ अटीतच. १:१२ हे दोन लांब्यांचं गुणोत्तर, दोन्ही धन. चढाला मात्र दिशा असते, म्हणून कुंपण दोन्हीकडून घालावं लागतं: −१/१२ ≤ चढ ≤ १/१२. आता −१/६ डावीकडून बाहेर पडतो. चिन्ह फिरवून काही होणार नव्हतं, कारण −१ ने गुणून खरं विधान खरंच राहतं.

प्रतिसाद २:
वरच्याला दुजोरा. थोडक्यात लिहायचं तर चढाचं केवलमूल्य (चिन्ह सोडून उरणारी किंमत) ≤ १/१२. आणि एक विचारा तिला: पहिल्या गणितात 'ल'ने गुणताना चिन्ह का नाही फिरलं? 'ल' धन आहे हे तिनं न बोलता धरलंय. परीक्षेत ते लिहावं.
बाकी २७० च्या दुप्पट बरोबर ५४०. रॅम्प मध्ये वळवून दोन टप्प्यांत घ्या, पण वळणावर खुर्ची फिरवायला सपाट जागा सोडावी लागेल, ती या ५४० मध्ये धरू नका.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. उलट्या आलेखावर लगेच पटलं. आता पायथागोरसनं तिरपी लांबी काढून बसलीये: सुमारे ५४१.९ सेंमी. दोनच सेंमीचा फरक बघून म्हणते, कंत्राटदारानं टेप उतारावर धरला तरी फारसं बिघडणार नाही. सपाट जागेचं कमिटीला कळवतो.