इंटर्न हवा असेल तर एप्रिलमध्ये कॉलेजला फोन करू नका

शिरोलीकर

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते मशीनिंग करून पुढे पाठवतो. दर उन्हाळ्यात कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप गटावर तीच रड असते: मेकॅनिकलची पोरं मिळत नाहीत, सगळ्यांना पुण्यात आयटीत जायचंय. मला हे निम्मं खोटं वाटतं. पोरं आहेत, पण आपण त्यांना भलत्याच महिन्यात, भलत्याच माणसाकडे मागतो, आणि वर फुकट मागतो.

आधी महिन्याचं. शेवटचं सत्र इंटर्नशिपला सोडणारी कॉलेजं आता बरीच झालीत. ते सत्र जानेवारीत सुरू होतं, पण कोण कुठं जाणार आणि गाईड कोण हे दिवाळीच्या आसपास ठरून जातं. म्हणजे आपण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथं दिसायला हवं. एप्रिलमध्ये फोन केला तर कुठंच न जमलेला मुलगा मिळतो, नाहीतर ज्याला फक्त सर्टिफिकेट पाहिजे तो.

मग माणूस. प्लेसमेंट ऑफिसचं लक्ष मोठ्या पॅकेजवर असतं, तीस-चाळीस कामगारांच्या शॉपला तिथं कोण विचारतो? मी विभागप्रमुखांना भेटतो, आणि त्याहून महत्त्वाचं, वर्कशॉपमधल्या लॅब असिस्टंटला. प्रॅक्टिकल संपल्यावरही लेथपाशी कोण रेंगाळतं हे त्याला नेमकं माहीत असतं. बाहाची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेची, गाडी बनवणारी टीम असेल तर सोन्याहून पिवळं. त्यांचे हब आणि स्टिअरिंग नकल (चाकाला धरणारे भाग) आम्ही रिकाम्या वेळात व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काढून देतो, प्रोग्रॅम मात्र त्यांनीच लिहायचा. कोण रात्री नऊला ड्रॉइंग दुरुस्त करून परत येतो आणि कोण फक्त फोटोला उभा राहतो, ते तिथंच कळतं. वेगळी मुलाखत लागत नाही.

गेस्ट लेक्चरला बोलावलं तर पीपीटी नेऊ नका. ब्लो होल (आत हवेची पोकळी) असलेलं रिजेक्ट कास्टिंग टेबलावर ठेवा आणि विचारा, मशीनिंगचा खर्च होण्याआधी हे पकडता आलं असतं का? वर्गातले चार-पाच जण पुढे येतात. नावं त्यांचीच घ्यायची. मुलाखत घ्यायचीच असेल तर ड्रॉइंग आणि भोकाचा व्यास मोजायचा बोअर गेज हातात द्या. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर सगळ्यांनी यूट्यूबवरून पाठ केलेलं असतं.

काम काय देणार हे आधी एका कागदावर लिहा. ‘सगळं शिकायला मिळेल’ म्हणजे काहीच शिकायला मिळणार नाही, हे पोरांना कळतं. आमचा मागचा कागद होता: अमुक पंप बॉडीचा सेटिंगचा वेळ कमी करायचा, मोजमापासह. पैसे द्यायचेच. शेवटच्या सत्राचे मी खिशातून देतो. पास झाल्यावर मुलगा राहिला तर त्याला नॅट्स या केंद्राच्या प्रशिक्षणार्थी योजनेखाली वर्षभर ग्रॅज्युएट अॅप्रेंटिस म्हणून घेतो. तिथं किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं.

भोसरीचा_प्रेसवाला

वाचायला छान आहे, शेठ. आमच्याकडचा हिशोब ऐका. पहिले दोन महिने पोरगं ऑपरेटरच्या पाठीमागं उभं राहतं, म्हणजे ऑपरेटरचं प्रॉडक्शन पडतं. पुढचे दोन महिने जरा उपयोगी. पाचव्या महिन्यात त्याच्या परीक्षा, प्रोजेक्ट रिपोर्ट, फेअरवेल. सहाव्यात चाकणच्या कंपनीचं लेटर, दोन-तीन हजार जास्त. शिकवायचं आम्ही, वापरायचं त्यांनी.

त्यापेक्षा आयटीआयचा पोरगा घ्या. फिटर, टर्नर, टूल अँड डाय मेकर. नॅप्स या केंद्राच्या दुसऱ्या प्रशिक्षणार्थी योजनेखाली विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल दीड हजार रुपये महिना, सरकारकडून थेट त्याच्या खात्यात जमा होतो. आला की डाय उचलायला घाबरत नाही. बी.ई.वाल्याला पहिल्या दिवशी लॅपटॉप कुठं ठेवू हा प्रश्न पडतो. ज्यांच्याकडं ३० किंवा जास्त माणसं आहेत त्यांना अॅप्रेंटिस कायद्यानं अडीच ते १५ टक्के प्रशिक्षणार्थी घ्यावेच लागतात. ती संख्या आयटीआयनं भरते. मग कॉलेजच्या दारात कशाला जायचं?

शिरोलीकर

@भोसरी, आयटीआयवाला आमच्याकडंही आहे आणि तो हवाच. पण रिजेक्शनचा तीन महिन्यांचा डेटा घेऊन बसायला, गिऱ्हाईकाला पीपीएपीची, म्हणजे पार्ट मंजुरीची, फाइल करून द्यायला, जॉब पकडायचं फिक्श्चर नव्यानं आखायला कोण आहे? तुम्ही इंजिनिअरला डाय उचलायला लावलं आणि आयटीआयवाला बरा असा निकाल दिला.

टीपीओ_मॅडम

मी सांगलीकडच्या एका कॉलेजात ट्रेनिंग-प्लेसमेंट बघते. लॅब असिस्टंटकडून परस्पर पोरं उचलायची युक्ती सांगितलीत, आता आमची बाजूही ऐका.

मला येणारे फोन असे असतात: ‘मॅडम, दहा पोरं पाठवा.’ काम काय? ‘आल्यावर बघू.’ विद्यावेतन? ‘शिकायला मिळतंय ना.’ सुपरवायझर कोण? गप्प. पाठवली तर सहा महिने डीबरिंग (कडा घासणे) आणि स्टोअरमध्ये बोल्ट मोजणे. मग विद्यार्थी रिपोर्टमध्ये नेटवरून उतरवलेला कैझेन, म्हणजे कामातली सुधारणा, लिहितो आणि सही मात्र तुमचीच असते. एकाने तर मूळ मार्कशीट ‘सेफ्टीसाठी’ ठेवून घेतली होती, मुलगा मध्येच जाऊ नये म्हणून. ती परत मिळवायला आमचे प्राचार्य स्वतः गेले.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यात फक्त इंजिनिअरिंग नाही, बी.कॉम., एम.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांनाही ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. त्यासाठी हजेरी लागते, तुमच्या माणसाने मूल्यमापन करून द्यावं लागतं. अकाउंट्सला, डिस्पॅचला, क्वालिटी लॅबला मुलं हवी असतील तर ही मोठी संधी आहे. पण किती कारखानदारांनी आम्हाला विचारलं? कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीत सँड टेस्टिंगला केमिस्ट्रीची मुलगी उत्तम काम करेल. कोणी मागत नाही.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगते. फोनवर शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, ‘शक्यतो मुलगे पाठवा.’ माझ्या मेकॅनिकलच्या वर्गात पहिल्या तीनात दोन मुली आहेत. एमआयडीसीच्या फाट्यावर एसटी थांबते, तिथून आत दोन-तीन किलोमीटर, संध्याकाळी साडेसहाला रिक्षा नाही. शॉप फ्लोअरजवळ बायकांचं स्वच्छतागृह नाही. हे दोन प्रश्न सोडवणाऱ्याला वर्गातला निम्मा वरचा भाग विनासायास मिळेल, कारण तिथं दुसरा कोणी स्पर्धेला उभाच नाही.

सातवं_सेम

विद्यार्थी बोलतोय, रागावू नका. ‘पोरांना सर्टिफिकेट पाहिजे’ असं काका म्हणाले. हो, पाहिजे, क्रेडिट त्यावर मिळतात. टेलिग्रामवर पैसे भरून सर्टिफिकेट मिळतं हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि ऑफिसं थाटून ‘इंटर्नशिप फी’ उकळणारेही आहेत. त्यांच्या तुलनेत खरा कारखाना कधीही बरा.

पण दुसऱ्या गावाहून येऊन कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा लावायचा, गाडीत पेट्रोल टाकायचं. विद्यावेतन शून्य असेल तर घरून पैसे मागून मी तुमचं रिजेक्शन कमी करतोय. ‘काम बघून देऊ’ हे तर सगळ्यात वाईट, घरी सांगायचं काय? आकडा लिहून द्या, कमी असला तरी चालेल.

अजून एक. ऑगस्टपासून मोठ्या कंपन्यांच्या अॅप्टिट्यूड टेस्ट सुरू होतात. त्यात लागलो आणि त्यांनी जानेवारीपासून स्वतःची इंटर्नशिप दिली तर आम्ही तिकडंच जाणार. हे लपवत नाही. तुम्ही सप्टेंबरमध्ये सरळ विचारा, ‘ऑफर आली तर काय करशील?’ खरं सांगणाऱ्याला घ्या.

गडहिंग्लजकर

पीएम इंटर्नशिप योजना आहे की! २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा महिना पाच हजार होते, त्यातले साडेचार सरकारचे. एवढा ऊहापोह कशाला?

सातवं_सेम

दादा, ती योजना आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी आणली, आणि पूर्णवेळ शिकणारा मुलगा त्यात मुळात धरलाच नव्हता. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेल्याला घेत नाहीत. दोन्ही मुळात शिकून झालेल्यांसाठी आणल्या.

किचनरहून

मूळ इचलकरंजीचा, आता ओंटारिओत किचनरला. आमच्या शेजारी वॉटर्लू विद्यापीठ. तिथं १९५७ पासून को-ऑप चालतं: चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, पदवी होईपर्यंत आलटून पालटून. आमच्या कंपनीसाठी मी दर टर्मला मुलं निवडतो.

टर्म सुरू व्हायच्या तीन-चार महिने आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर जाहिरात टाकायची. मुलाखतींनंतर आम्ही उमेदवारांना क्रम देतो, मुलंही आम्हाला क्रम देतात, आणि दोन्ही याद्या जुळवून जागा ठरतात. म्हणजे कंपनीलाही परीक्षा असते. मागच्या टर्मची मुलं पुढच्यांना सांगतात की इथला मॅनेजर शिकवतो की नुसता राबवतो. वाईट नाव झालं की वरच्या क्रमाची मुलं येत नाहीत. मोबदला द्यावाच लागतो, पण ओंटारिओ सरकार एका नेमणुकीमागे तीन हजार डॉलरपर्यंत करसवलत देतं.

भोसरीच्या दादांच्या तक्रारीवर इथला एक उपाय सांगतो. जाणारा विद्यार्थी आणि येणारा विद्यार्थी यांचा आठवडाभर एकत्र काळ ठेवतो. नव्याला जुना शिकवतो, ऑपरेटरचा वेळ जात नाही. त्यासाठी दर टर्मला माणूस घ्यावा लागतो, मनात आलं तेव्हा एक असं चालत नाही.

भोसरीचा_प्रेसवाला

कॅनडात फी किती, को-ऑपची वेगळी फी किती, पहिल्या टर्मला किती पोरांना जागा शोधताना फेस येतो, तेही सांगा की. तिथं सरकार डॉलर देतंय. इथं जीएसटीचा रिफंड वेळेवर मिळाला तरी आम्ही पेढे वाटतो.

किचनरहून

वेगळी फी आहे, आणि पहिल्या टर्मला मुलांचे खरंच हाल होतात, नाकारत नाही. पण क्रम देण्याच्या पद्धतीला डॉलर लागत नाहीत.

रयतचा_माजी

वॉटर्लू कशाला, कर्मवीर अण्णांची ‘कमवा आणि शिका’ आपल्याच साताऱ्याची.

टीपीओ_मॅडम

अण्णांबद्दल आदर आहेच. पण त्या योजनेत मुलगा शेतात किंवा कॉलेजच्या कामात राबून शिक्षणाचा खर्च काढतो. इथं कामातूनच विषय शिकायचाय. आणि आपल्याकडं पुणे विद्यापीठातही प्रॉडक्शन सँडविच होतंच की, सहा-सहा महिने कंपनीत. त्याची बॅच ज्यांनी बघितलीय त्यांना हे सगळं नवं नाही.

कामगार_कायदेवाला

एवढ्या चर्चेत कोणी विचारलं नाही, म्हणून मी विचारतो. मुलाचं बोट प्रेसमध्ये गेलं तर?

अॅप्रेंटिस कायद्याखाली करार नोंदवला असेल तर उत्तर स्पष्ट आहे: १९६१ च्या त्या कायद्यात इजेच्या भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पीएफ-ईएसआय मात्र अशा प्रशिक्षणार्थीला लागू होत नाही. पण तुम्ही कॉलेजच्या साध्या पत्रावर सातव्या-आठव्या सत्राचा मुलगा आणता, तो अॅप्रेंटिस नव्हे. सँडविच किंवा अॅप्रेंटिसशिप जोडलेली पदवी असेल तरच शिकत असताना त्या कायद्याचं छत्र मिळतं. बाकीच्यांसाठी तुम्ही अपघात विमा काढला आहे का? कॉलेजने काढला आहे का? पत्रात त्याची ओळ आहे का? बहुतेक ठिकाणी तिन्हींचं उत्तर ‘नाही’ येतं. विम्याचा हप्ता तुमच्या रोजच्या चहाच्या बिलाहून कमी असतो.

आणि शिरोलीकर, पात्रतेची यादी बघा. नॅट्सचा निम्मा वाटा पास झालेल्यासाठी आहे हे तुम्ही बरोबर लिहिलंत, पण इथं वाचून अर्धे लोक आठव्या सत्राच्या मुलासाठी पोर्टलवर अर्ज करायला जातील.

शिरोलीकर

विम्याचं पटलं. आमच्याकडं ग्रुप पॉलिसीत इंटर्नचं नाव पहिल्या दिवशी घालतो, आणि प्रेस, ग्राइंडर, होइस्टला हात लावायचा नाही हे पत्रातच लिहितो. पहिला आठवडा फक्त इन्स्पेक्शन टेबल.

मॅडम, लॅब असिस्टंटचं मी मागं घेणार नाही. पोरगा कसा आहे हे तुमच्या सीजीपीएच्या यादीतून कळत नाही. पत्र, हजेरी, मूल्यमापन सगळं तुमच्यामार्फत होऊ दे, ओळख मात्र वर्कशॉपमध्येच होणार.

टीपीओ_मॅडम

चालेल. मग या वर्षीचं पत्र मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात द्या. त्यात विद्यावेतनाचा आकडा, सुपरवायझरचं नाव, विमा, शिफ्टची वेळ आणि फाट्यावरून आत यायची सोय हवी. तुमच्या पंप बॉडीसारखं एक ठरलेलं काम हवं. मी चार नावं देते, त्यात दोन मुली असतील. क्रम तुम्ही लावा, आणि तुमचं शॉप बघून मुलंही लावतील.

शिरोलीकर

कामगारांची गाडी फाट्यावरून आठला सुटते, परत साडेपाचला. जनरल शिफ्टच देऊ. चार चालतील, पण जागा दोनच आहेत.

भोसरीचा_प्रेसवाला

तुमचं चालू द्या. दोनातला एक पुढच्या दिवाळीपर्यंत टिकला तर इथं येऊन लिहा. तोवर माझी आयटीआयची जाहिरात तशीच राहील.