फुकट औषधाच्या पुढची गोष्ट
अनेकदा असं म्हटलं जातं की मर्क या औषध कंपनीने १९८७ मध्ये आयव्हरमेक्टिन (मेक्टिझान) मोफत द्यायचं जाहीर केलं आणि नदी-अंधत्वाचा, म्हणजे काळ्या माश्यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या कृमींमुळे दृष्टी घालवणाऱ्या आजाराचा, प्रश्न सुटला. त्या निर्णयाबद्दल मलाही मनापासून आदर आहे. गरज असेल तितकं आणि गरज असेपर्यंत, असा शब्द होता तो. पण गोळ्या बंदरावर उतरल्या म्हणजे त्या पोटात गेल्या असं होत नाही.

हे औषध कृमीची पिल्लं मारतं, प्रौढ मादीला नाही. ती शरीरात दहा-पंधरा वर्षं जगते. म्हणून दरवर्षी, कुठे वर्षातून दोनदा, गावच्या गाव गोळ्या घेत राहावं लागतं. आफ्रिकेत हे निभावलं गावकऱ्यांनीच. वाटप करणारा माणूस गाव निवडतं, वेळही गावच ठरवतं. डोस ठरवायला वजनकाटा लागत नाही, खुणा केलेल्या काठीने उंची मोजली की झालं. मला तर या काठीचं मोल औषधाइतकंच वाटतं.

कोलंबियाला २०१३ मध्ये निर्मूलनाची मान्यता मिळाली, मग इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, थेट २०२५ मध्ये! तिथे औषधाच्या आधी नद्यांवर फवारणी करून काळ्या माश्यांच्या अळ्या मारल्या होत्या, हेही विसरू नये.

मध्य आफ्रिकेत अडचण वेगळी आहे. रक्तात लोआ लोआ नावाच्या दुसऱ्याच एका जातीच्या कृमी खूप असतील तर हेच औषध मेंदूवर गंभीर परिणाम करू शकतं. तिथे आधी तपासणी हवी, आणि त्यासाठी पैसा कुणी फुकट देत नाही.