शब्दचर्चा : क्रियाविभव, विध्रुवण आणि मार्गिकांचं ‘बंद’ असणं

फोंडा : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी चेतापेशी आणि स्नायूंतल्या विजेवर मराठी मजकूर करायचा आहे. ‘क्रियाविभव’ (action potential, पेशीवरून धावणारा विजेचा क्षणिक ठोका) पटला, ‘विध्रुवण’ (depolarization) पटत नाही. अर्थ पाहिला तर ध्रुव नाहीसे होणे. पेशीच्या पटलाच्या आतबाहेरचा विद्युतदाब, म्हणजे विभव, तर उणे ७० मिलिव्होल्टवरून अधिक ३० पर्यंत जातो, म्हणजे ध्रुव उलटतात. आणि मज्जातंतूला सरळ ‘शीर’ लिहिलं तर?

म्हापसा : शीर नको. पोटरीत ‘चढते’ ती शीर म्हणजे स्नायूचा पेटका, सलाईन लावतात ती रक्तवाहिनी, आणि कमरेत ‘दबते’ तीच काय ती मज्जातंतू. चेतापेशी आणि चेतातंतू लिहा. हिंदीतून मजकूर उचलत असाल तर जपा. तिथला ‘स्नायु’ बहुतेक वेळा आपला चेतातंतू असतो.

मडगाव : विध्रुवण हे दिशेचं नाव आहे, मुक्कामाचं नाही. उणे ७० वरून उणे ६० झालं तरी ते विध्रुवणच. शून्य ओलांडल्यावरचा भाग वेगळा दाखवायचा तर ‘शून्यापलीकडची झेप’ म्हणा. परतीला पुनर्ध्रुवण, विरामविभवाच्याही (पेशी शांत असतानाच्या विभवाच्या) खाली घसरलं की अतिध्रुवण.

त्याआधी विरामविभव नीट लिहा. पेशीत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर ४. सोडियम बाहेर १४५, आत १२ च्या आसपास. विरामात उघड्या असतात त्या मुख्यतः पोटॅशियमच्या मार्गिका (channels, पटलातली प्रथिनांची दारं). पोटॅशियम बाहेर झिरपतं, ऋणभारित प्रथिनं आतच राहतात, म्हणून आतली बाजू ऋण. ‘पंप वीज तयार करतो’ असं लिहू नका. पटलातला हा पंप ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो, त्याचा थेट वाटा जेमतेम काही मिलिव्होल्टचा. त्याचं खरं काम हा आतबाहेरचा फरक टिकवणं.

फोंडा : मग पुनर्ध्रुवणात पंप सोडियम बाहेर काढतो, हे वाक्य?

मडगाव : खोडा. अगदी सर्रास होणारी चूक. विभव उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमच्या मार्गिका भराभर उघडतात. सोडियम आत येतं, विध्रुवण वाढतं, त्यामुळे आणखी मार्गिका उघडतात. मिलिसेकंदाच्या आत त्या निष्क्रिय होतात, पोटॅशियमच्या जास्तीच्या मार्गिका उघडतात आणि पोटॅशियम बाहेर गेल्यानेच विभव खाली येतो. एका क्रियाविभवात इतके थोडे आयन (भारित कण) हलतात की मोठ्या चेतातंतूत त्यांची संहती, म्हणजे द्रवातलं प्रमाण, जवळपास बदलत नाही. पंप लगेच थांबवला तरी हजारो क्रियाविभव निघू शकतात. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ साली क्रियाविभवासाठी मांडलेल्या समीकरणांतही पंप नाही. ती स्क्विडच्या जाड चेतातंतूवरच्या मोजमापांवर उभी आहेत.

म्हापसा : ‘निष्क्रिय’ला ‘बंद’ लिहू नका, इथेच सगळा घोळ होतो. बंद मार्गिका विध्रुवणाने उघडते. निष्क्रिय झालेली उघडत नाही, आधी विभव पुन्हा खाली यावा लागतो. दुसरा क्रियाविभव लगेच निघत नाही तो म्हणूनच. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात बाहेरचं पोटॅशियम ४ वरून ८ झालं तर पोटॅशियमचा समतोल विभव (ज्याला त्याची ये-जा सारखी होते तो) उणे ९४ वरून उणे ७६ वर येतो, आणि त्याच्यामागोमाग विरामविभवही वर सरकतो. उंबरठा (क्रियाविभव सुरू होतो तो विभव) जवळ आला म्हणजे स्नायू अधिक चपळ व्हायला हवेत ना? सुरुवातीला थोडे होतातही. पण हे विध्रुवण टिकून राहिलं की सोडियमच्या मार्गिका निष्क्रिय होऊन बसतात, हातपाय लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडते. ‘बंद’ लिहिलंत तर हे समजावताच येणार नाही.

केंड (फुगणाऱ्या) माशाचं विष तिसऱ्याच प्रकारचं : ते सोडियम मार्गिकेच्या तोंडाशी बाहेरून अडकतं. त्याला ‘अडवलेली’ म्हणा. शिजवून ते विष जात नाही, हेही कोपऱ्यात टाका, आपल्याकडे उपयोगाचं आहे.

फोंडा : स्नायूला तोच आलेख चालेल?

म्हापसा : आकार चालेल, आकडे नाहीत. हातापायांच्या स्नायूंचा विरामविभव उणे ९० च्या आसपास, क्रियाविभव २ ते ४ मिलिसेकंदांचा. हृदयाच्या जवनिकेला (खालच्या कप्प्याला) वेगळा आलेख काढा : कॅल्शियम आत येत राहिल्याने तिथे मधे पठार असतं आणि सगळं २०० ते ३०० मिलिसेकंद चालतं. चेतापेशीच्या पट्टीवर काढायला गेलात तर कागद पुरणार नाही. उभ्या अक्षावर ‘वीज’ नको, ‘पटलविभव, मिलिव्होल्ट’ लिहा.