मदत हवी आहे : तोंड कमी उघडते, गालात चट्टा आहे, पण घरचे बायोप्सीला तयार नाहीत

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या मामेभावाला तरुणपणापासून खर्‍याची सवय आहे. (राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर सहज मिळतो, हे विदर्भातल्यांना सांगायला नको.) अलीकडे त्याला तिखट सोसत नाही, तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत, आणि डाव्या गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याच्या कडेला लालसर भाग दिसू लागला आहे. दंतवैद्यांनी सबम्यूकस फायब्रोसिसचे निदान केले आहे. या आजारात सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचून ते ताठर होते आणि पुढे काही रुग्णांत तिथेच कर्करोग उद्भवतो. मला अधिक काळजी त्या लाल भागाची वाटते, कारण निव्वळ पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल चट्ट्यात हा धोका बराच जास्त असतो.

दंतवैद्यांनी बायोप्सी (चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासणे) सुचवली आहे, परंतु तुकडा काढला की रोग पसरतो, या निराधार समजुतीमुळे वडीलधारी मंडळी अडून बसली आहेत. अशा मंडळींची समजूत कुणी, कशी घातली? तोंड इतके कमी उघडत असताना तुकडा कसा घेतात? नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात थेट जावे, की आधी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी? अहवालात कर्करोग नसल्यास पुढे किती अंतराने तपासणी करावी लागते, हेही अनुभवी व्यक्तींनी किंवा डॉक्टरांनी कृपया सांगावे.