आत्याला मराठीत सांगता येतील अशा कोझी मिस्ट्री सुचवा ना

सुरसागर_काठची (बडोदा)

नमस्कार मंडळी, नावं हवीयेत, पण आधी जरा सगळं सांगते कारण माझी गरज थोडी वेगळी आहे.

माझी आत्या ७९ वर्षांची, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात राहते, मी कारेलीबागेत. दोन वर्षांपासून तिच्या रेटिनाचा त्रास वाढलाय, छापील अक्षर आता दिसत नाही. ही बाई जन्मभर वाचत आलेली. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली ती मांडवीची सेंट्रल लायब्ररी म्हणजे तिचं दुसरं घर, लहानपणी बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड तिने उशीखाली लपवून वाचलेत. ऑडिओबुक लावून दिलं तर दहा मिनिटांत म्हणाली, बंद कर, हा माणूस माझ्याशी बोलत नाहीये. मग मी स्वतःच सुरू केलं, रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट तिच्याकडे जायचं, चहा झाला की इंग्रजी पुस्तक हातात धरायचं आणि मराठीत सांगायचं. शब्दाला शब्द नाही, बसून गोष्ट सांगतो तसं.

कोझी मिस्ट्री, म्हणजे हलक्याफुलक्या घरगुती रहस्यकथा, निवडल्या कारण तिला रक्तबंबाळ काही नको, खून झालेला चालतो पण तो पडद्यामागे झालेला बरा, आणि शोधणारं माणूस आपल्यातलं हवं, पोलीस नको.

सुरुवात रिचर्ड ओस्मानच्या द थर्सडे मर्डर क्लबने केली, २०२० चं. केंटमधल्या निवृत्त लोकांच्या वसाहतीतले चार म्हातारे दर गुरुवारी जमून जुन्या केसेस उकलतात. यातली जॉयस डायरी लिहिते तो भाग सांगायला इतका सोपा गेला की मला वाटलं हे मुळात मराठीतच असणार. केक, भाजी, मुलीचा फोन आणि त्याच दमात खुनाबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगून मोकळी. आत्याने दुसऱ्याच दिवशी पकडलं, "हिच्या भाजीकडे लक्ष ठेव, ही मधेच खरं बोलते." याच मालिकेतलं चौथं, द लास्ट डेव्हिल टू डाय, त्यात या चौघांतल्या एलिझाबेथच्या नवऱ्याच्या स्मृतिभ्रंशाचा भाग आहे तिथे मात्र मी दोन दिवस थांबले. आमचे काका शेवटची तीन वर्षं तसेच होते. मी तो भाग गाळून पुढे जाणार होते, आत्या म्हणाली नको, सगळं सांग. सांगितलं. त्या दिवशी खुनी कोण हे आम्ही दोघींनी विचारलंसुद्धा नाही, आणि मला वाटतं अलीकडच्या कोझी पुस्तकांत इतकं खरं लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही.

त्याच लेखकाचं २०२४ चं वी सॉल्व्ह मर्डर्स मात्र आत्याला झेपलं नाही. सारखी विमानं, सारखे नवे देश, आज इथे उद्या तिथे. ती म्हणाली यात कुणी कुणाला वर्षानुवर्षं ओळखतच नाही, मग कुणाचं वागणं बदललं ते कळणार कसं? मला हे फार पटलं. कोझीचा जीव तिथेच आहे ना, की दूधवाला आज उशिरा आला हे कुणाच्या तरी लक्षात येतं.

सगळ्यात गाजलं ते जेसी क्यू. सुतांतोचं व्हेरा वाँगवालं पहिलं पुस्तक, २०२३ चं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधली ६० वर्षांची चहावाली, तिच्या दुकानात प्रेत सापडतं आणि ही बया पोलीस यायच्या आधी प्रेताभोवती मार्करने रेघ मारून ठेवते, नंतर ज्यांच्यावर संशय त्यांनाच पोटभर खाऊ घालते. रहस्य म्हणून विचाराल तर मधेमधे ढिलं आहे, पण व्हेराचं दुसऱ्याच्या आयुष्यात हक्काने शिरणं आत्याला इतकं ओळखीचं वाटलं की तिने ते परत सांगायला लावलं.

जमली नाहीत ती पण सांगते. द मार्लो मर्डर क्लबची ७७ वर्षांची ज्युडिथ आम्हाला आवडली, पण ती शब्दकोडी तयार करणारी, इंग्रजी शब्दांचे खेळ मराठीत कसे नेणार, मी तिथे सारखी अडखळायचे. आणि जॅनिस हॅलेटचं द अपील, सगळं ईमेल आणि मेसेजमधून, डोळ्याने वाचायला मस्त पण "आता हिने त्याला पाठवलं, त्याने तिला उत्तर दिलं" असं सांगता सांगता दोघी थकलो, सोडून दिलं.

आता खरा प्रश्न. इंग्रजीत नुसतं कझिन लिहिलं की काम भागतं, मला चुलतभाऊ की मामेबहीण ते ठरवावं लागतं. रात्री बागेत एक आकृती दिसली, ती आला की आली? मी "आला" म्हटलं की आत्या लगेच सगळ्या बायकांना संशयितांतून काढून टाकते, आणि शेवटी बाई निघाली की मी फसवल्यासारखं होतं. तुम्ही कसं केलं असतं? आणि मराठीत नीट सांगता येतील अशी पुस्तकं कोणती, शक्यतो गेल्या दहा वर्षांतली?

लीलो_चिवडा (मांजलपूर)

ताई आधी हरिणी नागेंद्रांचं द बंगलोर डिटेक्टिव्हज क्लब घ्या, २०२२ चं आहे. १९२१ चं बंगळूर, १९ वर्षांची कावेरी, नुकतीच सासरी आलेली, गणिताची आवड, नवरा डॉक्टर, आणि शेजारची उमा आंटी तिच्या जोडीला. सोवळं, स्वयंपाकघर, कोण कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं, यातलं काही समजावून सांगावं लागत नाही, तिथेच अर्धं काम हलकं होतं. लेखिका मुळात पर्यावरणशास्त्रज्ञ आहेत त्यामुळे झाडं, तळी सगळं दिसतं डोळ्यासमोर. कमी काय तर खुनी मला अर्ध्यातच कळला होता. पण माझ्या आईला कळला नव्हता आणि तिला मजा आली. दुसऱ्या भागात तर सासूच कावेरीला एक काम सांगते, तो आत्यांना नक्की आवडेल.

सुजाता मॅसीचं द विडोज ऑफ मलाबार हिल पण चांगलं आहे, १९२१ च्याच मुंबईतली पारशी वकील पेरवीन मिस्त्री, पडद्यातल्या तीन विधवांशी फक्त बाई वकीलच बोलू शकते म्हणून ती जाते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींवरून ते पात्र सुचलेलं. पण याला कोझी म्हणून देऊ नका, पेरवीनच्या लग्नाचा भाग जड आहे, आधी स्वतः वाचा मग ठरवा.

राजवाड्यावरचा (इंदूर, सध्या पुणे)

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ओस्मानची पहिली दोन मला फार आवडली, नंतर नंतर मात्र सगळे एकसारखंच हुशार बोलायला लागलेत, क्लबातला रॉन काय नि इब्राहिम काय, नाव झाकलं तर कोण बोलतंय कळत नाही. २०२५ चा नेटफ्लिक्सचा सिनेमा पण बघितला, हेलन मिरन आहे म्हणून बसलो शेवटपर्यंत, पण घाई वाटली, म्हाताऱ्या माणसांची गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या चालीनेच जायला हवी होती. स्मृतिभ्रंशाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं, तो भाग माझ्या बाबांना मी वाचून नाही दाखवू शकलो.

माझ्याकडून वसीम खान, इन्स्पेक्टर चोप्राचं पहिलं पुस्तक, २०१५ चं. निवृत्तीच्या दिवशीच मुंबईच्या या इन्स्पेक्टरला काकाकडून वारशात हत्तीचं पिल्लू मिळतं. पोलीस नको म्हणालात, पण हा निवृत्त आहे, चालेल. सांगायला तर इतकं सोपं, हत्ती आला की आत्या जाग्या राहणारच.

नपुंसकलिंगी_नाम (ग्वाल्हेर)

बाळ, तुझा आला-आलीचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ३० वर्षं मराठी शिकवलं, असा उपयोग कुणी विचारला नव्हता.

आपल्याकडे तिसरं लिंग आहे ना, ते वापर. "बागेत कुणीतरी आलं होतं." "कुणीतरी दार लोटून गेलं." हे आपण रोज बोलतो, काहीही ओढूनताणून वाटत नाही. हिंदीत ही सोय नाही, तिथे कोई आया था म्हणावं लागतं, मी इथे रोज ऐकतो. कझिनसाठी "चुलत भावंड" म्हण, भावंड नपुंसकलिंगी आहे. "नात्यातलं एक माणूस" पण चालतं, बोलताना आपण ते माणूस म्हणतोच. डॉक्टर, वकील, शेजारी आले की मात्र जपून, तिथे क्रियापद टाळायचं, "डॉक्टरांचा निरोप होता", "वकिलांकडून पत्र आलं", असं वाक्य फिरवायचं.

एक लक्षात ठेव. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथालेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात शोधणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये असा एक आहे. तो सांगणाऱ्यालाही लागू धर. लेखकाने जेवढं झाकलंय तेवढंच तू झाक, जास्त नाही.

आणि मधूनमधून स्वतःला विश्रांती दे. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टी अशोक जैनांनी मराठीत आणल्यात, त्या नवीन नाहीत पण थेट वाचून दाखवता येतील, घसाही कमी दुखेल.

सुरसागर_काठची (बडोदा)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

काका, तुमचं "कुणीतरी आलं" दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "तू आलं म्हणतेस ना, तेव्हाच तू काहीतरी लपवत असतेस." ३५ वर्षं शाळेत शिकवलेली आहे ती, पोरांचं लपवलेलं ओळखायची सवय. मग मी आता जिथे लपवायचं काही नसतं तिथेही अधूनमधून तसंच बोलते, कुणीतरी भाजी ठेवून गेलं, कुणीतरी हाक मारली, आणि दोन पानांनी सांगते की ती उमा आंटी होती. आता तिला अंदाज येत नाही आणि ती तक्रारही करत नाही. भावंड तर फारच कामाला आलं.

कावेरी अर्धी झाली. आत्याला ती आवडली, पण नवरा इतका समजूतदार आहे हे तिला अजून पटलेलं नाही, म्हणून सध्या तिचा पहिला संशयित तोच आहे. मी काही बोललेले नाही. दुसरा भाग मागवलाय, सासू येते म्हटल्यावर म्हणाली की हा लवकर संपव. हत्तीचं पण सांगितलं तिला, तर विचारते पिल्लू शेवटपर्यंत सुखरूप राहतं का. इंदूरवाले दादा, तेवढं फक्त सांगा, मग लगेच घेते.